एक सहभागी महिला

टाचणी त्या सकाळी दुसऱ्या मजल्यावर पोचली, तर तिचं शिलाई मशीन जागेवर नव्हतं.

मशीन, खुर्ची, कापडाची दोन गाठोडी आणि बिनडोक्याचा लाकडी पुतळा, सगळं उचलून कुणीतरी पॅसेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवलं होतं. आणि खिडकीशेजारच्या ज्या भिंतीवर ती गिऱ्हाइकांच्या मापांच्या चिठ्ठ्या लावायची, तिथे पिवळे, गुलाबी, पोपटी असे चाळीसेक चौकोनी कागद चिकटवलेले होते. एकावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'माझ्या स्वप्नातला बाजार'. बाकीचे कोरे होते.

टाचणीनं पिशवी खाली ठेवली आणि एकेक कागद ओरबाडायला सुरुवात केली.

"अहो... अहो, थांबा! काय करताय? दोन तास लागलेत मला ते लावायला!"

मागे एक उंच, चष्मेवाला माणूस उभा होता. दातांत चिकटपट्टीचा तुकडा, हातात आणखी कागदांचा गठ्ठा.

"मला नऊ वर्षं लागलीत ही जागा लावायला," टाचणी म्हणाली आणि आणखी दोन कागद उपटले.

ती सव्वीस वर्षांची होती. सतराव्या वर्षी मावशीच्या हाताखाली शिवायला बसली, तेव्हापासून ओठांत टाचण्या धरायची सवय. म्हणून समोर बसणाऱ्या बटणवाल्या काकांनी हे नाव ठेवलं. पुढे लोकांच्या लक्षात आलं, की टाचण्या ओठांत नसल्या तरी नाव चपखलच बसतंय. त्या जुन्या बाजाराच्या इमारतीत तळमजल्यावर भांडी-चपला, पहिल्या मजल्यावर कापड, आणि दुसऱ्यावर शिवणारे अकरा जण. वर बसायचं कारण एकच – दहा उंच खिडक्या. दिवसभर डोळ्यांवर न येणारा, सारखा, शांत उजेड. शिवणाऱ्याला आणखी काय हवं?

"मी विद्यापीठातून आलोय," तो माणूस म्हणाला. "इमारतीचं नूतनीकरण व्हायचंय ना, त्यासाठी इथल्या लोकांचा सर्जनशील सहभाग..."

"काय?"

"सर्जनशील सहभाग. म्हणजे लोकांना नुसतं मत विचारायचं नाही. त्यांनी स्वतः चित्रं काढायची, वस्तू घडवायच्या, जे बनणार आहे त्यात हात घालायचा. माझा संशोधनाचा विषयच आहे तो."

"असं होय. मग माझं मशीन उचलताना मला का नाही विचारलंत?"

  त्याचे कान हळूहळू लाल झाले. मग त्यानं कागदांचा गठ्ठा खिडकीत ठेवला, पॅसेजमध्ये गेला आणि ते लोखंडी मशीन एकट्यानं उचलून आणायला लागला. अर्ध्या वाटेत बोट चिमटलं. ओरडला नाही, पण चेहरा बघण्यासारखा झाला.

टाचणीनं अस्तराची एक पट्टी फाडून त्याच्यापुढे धरली. "बांधा. रक्त कापडावर सांडू नका."

"थँक यू."

"कापडासाठी म्हटलं मी."

दुपारी कार्यशाळा झाली. टाचणी गेली नाही. मावशी गेली आणि तासाभरानं एक मोठं कारंजं काढून आली.

"कारंजं? दुसऱ्या मजल्यावर?" टाचणीनं विचारलं.

"निळा रंग खूप उरला होता गं," मावशी म्हणाली. "आणि पोरगा इतका आशेनं बघत होता. मला नाही म्हणवेना."

तिसऱ्या दिवशी तो पोरगा, म्हणजे संशोधक, पँटची शिवण उसवली म्हणून आला.

"उद्या या," टाचणी मान वर न करता म्हणाली.

"थांबतो ना मी. पाच मिनिटांचं काम आहे."

"पाच मिनिटांचं आहे तर स्वतः करा."

"मला येत नाही."

"मग पाच मिनिटांचं आहे हे कसं कळलं?"

तो हसला. मनापासून हसला, तेच वाईट झालं. खोटं हसला असता तर तिनं त्याला हाकललं असतं. तिनं पँट ओढून घेतली आणि शिवण बघितली. दोरा झिजून तुटलेला नव्हता. ब्लेडनं कापल्यासारखा सरळ, स्वच्छ तुटला होता. तिच्या लक्षात आलं... आणि ती काहीच बोलली नाही. दिवसभर मग तिला स्वतःचाच राग येत राहिला.

"तुम्ही कार्यशाळेला का येत नाही?" त्यानं विचारलं.

टाचणीनं मशीन थांबवलं. "हे बघा. माझ्याकडे गिऱ्हाईक येतं, मी त्याला उभं करते, छाती-कंबर मोजते. माप घ्यायला उभं केलं म्हणजे कपडा शिवण्यात त्यानं भाग घेतला, असं होतं का? कातरी हातात दिली, चुकायची मुभा दिली, चुकलेलं उसवायला वेळ दिला, तर म्हणेन मी, भाग घेतला. रंगीत कागद देऊन लहान मुलांसारखं बसवलंत, तर ते मापच झालं. फक्त टेप दिसत नाही, एवढंच."

 त्यानं खिशातून वही काढली.

"लिहू नका," ती म्हणाली.

"पण हे फार..."

"मी तुमच्याशी बोलले. तुमच्या वहीशी नाही."

त्यानं वही मिटली. "बरं."

त्या 'बरं'वर तिनं विश्वास ठेवला.

पुढचे पाच आठवडे संशोधकाच्या कपड्यांवर काय संकट आलं कोण जाणे. आज शर्टाचं बटण, उद्या कोटाचं अस्तर, परवा बाहीची शिवण. बटणवाले काका समोरून म्हणायचे, "एवढा शिकलेला माणूस आणि कपडे आपोआप कसे हो उसवतात याचे?" मावशी म्हणायची, "उसवत नाहीत. उसवून आणतो." टाचणी दोघांवरही खेकसायची. पण चार वाजत आले, की तिची मान जिन्याकडे वळायची. तो यायचा. खिडकीच्या कट्ट्यावर बसायचा, तिनं मागितलेला दोरा नेमका चुकीच्या रंगाचा द्यायचा.

"हा काळा आहे?"

"काळाच आहे की."

"नेव्ही ब्लू आहे. खिडकीत धरून बघा."

तो खिडकीत धरायचा. दोरा बघायचा थोडा, आणि तिच्याकडे बघायचा जास्त.

"खरंच... इथे उजेडात कळतंय," तो म्हणायचा. तिनं मान खाली घातलेली असायची. सुईत दोरा ओवायला तिला आयुष्यात कधी दोनदा प्रयत्न करावा लागला नव्हता. आता लागायचा.

मग नूतनीकरण कार्यालयाची ती पुस्तिका आली.

गुळगुळीत कागद, आठ पानं, प्रत्येक गाळ्यावर एक प्रत. पहिल्या पानावर मावशीचं कारंजं छापलेलं होतं. दुसऱ्यावर नकाशा – शिवणाऱ्यांचे अकराही गाळे तळघरात. दुसऱ्या मजल्यावर कार्यालय आणि बैठकीची खोली. आणि चौथ्या पानावर टाचणीचा फोटो, मशीनवर वाकलेली, चेहरा अर्धा दिसणारा. खाली मोठ्या अक्षरांत:

'कातरी हातात दिली... मी भाग घेतला.' – एक सहभागी महिला.

टाचणीनं ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचून झालं आणि ती उठली.

"अगं, कुठे निघालीस?" मावशी ओरडली.

ती भर उन्हात, चपलांचा आवाज करत, विद्यापीठापर्यंत चालत गेली. गळ्यात टेप तशीच लटकत होती. रस्त्यात दोन माणसं आपोआप बाजूला झाली. संशोधकाची खोली जिन्याखाली होती. तीन टेबलं, एक बंद पंखा आणि कपाटात नीट लावलेल्या फाइली. तो एकटाच होता. तिला दारात बघून त्याचा चेहरा उजळला... आणि पुढच्याच क्षणी विझला.

तिनं पुस्तिका टेबलावर आपटली. "वाचा."

त्यानं वाचलं. पान उलटलं, परत मागे आला.

"हे... मी पाहिलं नव्हतं. खरंच. मला दाखवलंच नाही त्यांनी."

"माझं वाक्य त्यांच्याकडे कसं गेलं?"

त्यानं पुस्तिका टेबलावर ठेवली.

"तुम्ही वही मिटली होती. माझ्या डोळ्यांसमोर मिटली होती!"

"मिटली होती," तो हळूच म्हणाला. "घरी गेलो आणि आठवून लिहिलं. पूर्ण लिहिलं, जसंच्या तसं. माझ्या अहवालातलं सगळ्यात खरं वाक्य होतं ते. त्यांनी मधलं कापलं..."

"त्यांचं सोडा! त्यांनी मला कधी विचारलंच नाही. ते सरळ सरळ वाईट. तुम्ही विचारलंत. मी नको म्हटलं. आणि तरी घेतलंत. तुम्ही त्यांच्यापेक्षा वाईट."

"हो."

"नुसतं हो काय म्हणता?"

"मग काय म्हणू? खरं आहे ते."

"भांडा ना! काहीतरी कारण द्या! मी एवढी चालत आले..." तिचा आवाज फाटला, आणि रडू येतंय याचाच तिला इतका राग आला, की तिनं जवळची खुर्ची लाथेनं सरकवली.

तो मात्र पुस्तिकेकडे बघत होता. चष्मा काढून, पान नाकाशी धरून. नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख होती.

"हा नकाशा," तो म्हणाला, "मी तुमच्या भिंतीवर पहिला कागद लावला, त्याच्या दोन महिने आधी मंजूर झालाय."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळं ठरलेलं होतं. मला बोलावलं ते फक्त... रंगीत कागद लावायला." त्यानं कपाट उघडलं, फाइली बाहेर ओढल्या. मावशीची, काकांची, कापडवाल्यांची चित्रं. दोनशे बारा चित्रं होती. "लोक काम सोडून बसले होते यासाठी! तुमचे काका थरथरत्या हातानं तासभर खिडकी काढत बसले होते. आणि मी... मी त्यांना सांगितलं, की तुमची खिडकी आराखड्यात जाणार आहे!" त्यानं मूठ टेबलावर मारली. पेला उलटला, पाणी सांडलं, आणि दोघांनीही ते पुसलं नाही.

टाचणी बघत राहिली. पाच आठवडे तिनं त्याला हसताना, लाजताना, गडबडताना पाहिलं होतं. चिडलेला कधीच नाही. त्याचे कान लाल झाले होते, पण आता लाजेनं नव्हे. तिचा त्याच्यावरचा राग तसाच होता, तसूभरही कमी नव्हता. पण इतका वेळ ती एकटी चिडलेली होती. आता शेजारी आणखी कुणीतरी चिडलं होतं. त्यामुळे तिच्या छातीत जे काही झालं, त्याचं नाव तिला त्या वेळी सुचलं नाही.

"मी पत्र लिहितो," तो म्हणाला. "अहवाल मागे घेतो."

"पत्र कोण वाचतं?"

"मग?"

"नकाशावरच्या हरकतींची सुनावणी कधी आहे?"

"नऊ दिवसांनी."

टाचणीनं टेप गळ्यातून काढली आणि बोटांभोवती गुंडाळायला लागली. विचार करताना ती तसंच करायची. "नवीन कपडा कितीही चांगला कापला, तरी आम्ही आधी कच्चा शिवून गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवतो. काखेत ओढतंय का, हात वर जातोय का... अंगावर चढल्याशिवाय कळत नाही. नूतनीकरणाच्या साहेबांनी ते तळघर कागदावरच पाहिलंय. त्यांच्या अंगावर चढवू या."

नऊ दिवस अकरा जणांनी दुपारची दोन-दोन तासांची कामं बाजूला ठेवली. ज्याच्या-त्याच्याकडचं उरलेलं अस्तर, विटलेले पडदे, डाग पडलेली कापडं गोळा झाली. नकाशातला गाळा जेवढा, तेवढाच मोठा कापडाचा गाळा. भिंतीच्या जागी काळी पट्टी, दाराच्या जागी पांढरी. असे अकरा गाळे आणि मधली वाट, एकमेकांना जोडून. संशोधक मापं काढून द्यायचा.

"नुसती मापं नकोत," टाचणी म्हणाली. "खाली बसा. कच्चे टाके घाला."

"मला येत नाही, माहितीये तुम्हाला."

"चुका. मी उसवीन."

तो चुकला. इतका चुकला, की उसवताना तिला हसू आवरेना, आणि हसू आलं म्हणून पुन्हा राग. चौथ्या दिवशी त्यानं अख्खी दहा फुटांची पट्टी पालथी जोडली.

"अरे, उलट्या बाजूनं काय शिवतोयस? डोळे कुठे आहेत तुझे?"

सगळी मशीनं एकदम थांबली. काकांनी मावशीकडे बघितलं. मावशीला अचानक खोकला आला.

'तू' तोंडातून निघून गेलं होतं. परत घेता येईना.

"डोळे..." संशोधक म्हणाला, आणि तिच्याकडे बघतच राहिला. "जाऊ दे. उसव."

"तूच उसव. ही घे." तिनं छोटी कातरी त्याच्या तळहातावर ठेवली. देताना बोटं लागली, आणि दोघांनीही ती जरा उशिरानंच काढली. "आणि हे बघ... मी तुला माफ केलेलं नाही."

"माहितीये."

"करीन की नाही तेही सांगत नाही."

"मी विचारलंही नाही," तो म्हणाला आणि टाका टाका उसवायला लागला.

सुनावणीच्या दिवशी इमारतीच्या अंगणात ते कापड अंथरलं. नूतनीकरणाचे मुख्य साहेब दोन मदतनिसांसह आले आणि काठावरच थबकले.

"हे काय आहे?"

"तुमचा नकाशा," टाचणी म्हणाली. "आत या. काळ्या पट्टीवर पाय देऊ नका, ती भिंत आहे."

साहेब आत आले. गाळ्यात मशीन ठेवलं, खुर्ची ठेवली, इस्त्रीचं टेबल ठेवलं. खुर्ची मागे सरकवली, तर ती भिंतीतून आरपार शेजारच्या गाळ्यात गेली. लोक हसले. टाचणी हसली नाही.

"आता तळघरात चला."

भर दुपारी तळघरात तिनं साहेबांच्या हातात काळा कोट, काळं बटण, काळा दोरा आणि सुई दिली. साहेब म्हणाले, "दिवे लागणार आहेत इथे. उत्तम दिवे." काका पुढे झाले. नकाशाच्या यादीत जो दिवा लिहिला होता, तोच त्यांनी मागवून आणला होता. तो लावला. साहेबांनी तीन मिनिटं सुईशी झटापट केली. मग कपाळावरचा घाम पुसून ते संशोधकाकडे वळले.

"हे सगळं तुम्ही करायला लावलंत?"

"नाही. मी फक्त दहा फूट शिवले. तेही उलटे."

"ठीक आहे. ते प्रमाणपत्र तेवढं सही करून द्या. सहभागाची प्रक्रिया नियमाप्रमाणे पार पडली म्हणून."

संशोधकानं कागद हातात घेतला आणि तसाच परत दिला. "सही नाही करणार. सहभाग आज झाला, आणि तो ना तुम्ही घडवलात ना मी. आधी जे झालं ती फसवणूक होती. त्यात मी होतो, हे मी लेखी देतो. हवं तर आत्ता."

"तुमचं इथलं काम संपलं असं समजा."

"समजलो."

निकाल तीन आठवड्यांनी आला. शिवणारे दुसऱ्या मजल्यावरच राहणार. पण तीन खिडक्या कार्यालयाकडे जाणार, आणि उरलेल्या सातांत अकरा जणांनी दाटीवाटीनं बसायचं. मावशी देवाला हात जोडून मोकळी झाली. टाचणी मात्र दोन दिवस धुमसत होती. "तीन खिडक्या! कुठल्या हक्कानं?" तिनं अपील लिहायला घेतलं. संशोधक शब्द सुचवायचा, ती निम्मे खोडायची.

आणि एका संध्याकाळी मावशीनं काजं करता करता सहज सांगितलं, "त्या पोराला दूरच्या गावी काम मिळत होतं म्हणे. विणकरांच्या सहकारी संस्थेत, सहा महिने. त्यानं 'येत नाही' म्हणून कळवलं. तुझ्यासाठी असणार, दुसरं काय."

टाचणी तशीच उठली. तो जिना चढूनच येत होता. मधल्या वळणावर दोघं समोरासमोर आले.

"तू काम नाकारलंस?"

"हो... म्हणजे... मला वाटलं, अपील चालू आहे, आणि तू..."

"आणि मी काय?"

"तू इथे आहेस," तो म्हणाला. "मला दुसरीकडे जायचंच नाही. तुझ्यावर... माझा जीव आहे. केव्हापासून तेही सांगतो. 'कापडासाठी म्हटलं मी' म्हणालीस ना, तेव्हापासून."

 हे ऐकायची तिनं किती वाट पाहिली होती, हे तिला ऐकल्यावरच कळलं. आणि त्याच क्षणी ती इतकी संतापली, की तिला कठडा धरावा लागला.

"आणि हे माझ्यासाठी केलंस? मला न विचारता? मी काय म्हटलं असतं ते तूच ठरवलंस, मग माझ्या वतीनं थांबायला 'हो' म्हणालास, माझ्या वतीनं त्यांना 'नाही' कळवलंस! उद्या तिथलं काम हुकलं म्हणून तुला वाईट वाटेल, ते कुणाच्या माथी? माझ्याच ना?"

तो खालच्या पायरीवर उभा होता. त्यामुळे दोघांचे डोळे एका पातळीत आले होते.

"चुकलो," तो म्हणाला.

"नुसतं चुकलो म्हणू नकोस."

"मग भांडतो." त्यानं चष्मा काढून खिशात टाकला. "विचारायला भीती वाटली मला. तू 'जा' म्हणाली असतीस तर? तू एकदाही सांगितलं नाहीस, की मी असलो काय आणि नसलो काय, तुला काय फरक पडतो! मी रोज येतो, तू रोज ओरडतेस. मी त्यातून काय समजायचं?"

पहिल्यांदाच तो तिच्यावर चिडला होता. वरच्या मजल्यावर मशीनं थांबली होती. मावशीचे कान जिन्याला लागले असणार, यात शंका नव्हती.

"फरक पडतो," टाचणी दात-ओठ खात म्हणाली. "चार वाजून गेले आणि तू आला नाहीस, तर माझी शिवण वाकडी जाते. कळलं? नऊ वर्षांत कधी गेली नव्हती. मला इतका राग येतो ना तुझा... आणि रात्री झोपताना तो जातो, आणि मग जे उरतं त्याचं काय करायचं ते मला समजत नाही."

 त्यानं नुसता हात पुढे केला. तिनं तो धरला, घट्ट, भांडण अजून संपलेलं नसल्यासारखा.

"उद्या सकाळी त्या लोकांना फोन कर," ती म्हणाली. "जागा भरली नसेल, तर जा. सहा महिने. मी महिन्यातून एकदा येईन. ते माग कसे चालतात, बघायचेत मला. अपील मी बघते."

"हे तू ठरवलंस?"

"नाही. मी माझं म्हणणं सांगितलं." तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ, काही न लपवता बघितलं. "आता तुझं सांग."

तो वरच्या पायरीवर आला, तिच्या शेजारी बसला, आणि तिलाही हात धरून खाली बसवलं.

"महिन्यातून एकदा नाही," तो म्हणाला. "दोनदा. एकदा तू, एकदा मी."

टाचणीनं विचार केला. बराच वेळ केला.

"चालेल," ती म्हणाली.